इस्त्रीखात्यातलं ‘ने’

थोरलीला दोन गोष्टी अजिबात खपत नसत. एक, चादरीची ओली राहिलेली किनार. आणि दुसरी, काम करणाऱ्याच्या शेजारी वही घेऊन उभं राहणारं माणूस. पहिलीवर तिच्याकडे इलाज होता, ती चादर परत रोलरला लावायची. दुसरीवर नव्हता, कारण वही घेऊन उभा असलेला माणूस मालकाचा जावई होता.

लाँड्री मोठी होती. सात हॉटेलं आणि दोन इस्पितळं, एवढ्यांच्या चादरी रोज तिथे यायच्या. पलीकडच्या खोलीत धुलाई आणि अलीकडे इस्त्रीखातं. इस्त्रीखात्याच्या मधोमध तो रोलर होता, कमरेइतक्या उंचीवर आडवा बसवलेला, दोन माणसं लांबीने झोपतील एवढा, आतून वाफेने तापलेला. पुढून एकीने ओलसर चादर हाताने सारखी करत आत सारायची, मागून दुसरीने ती कोरडी आणि कडकडीत गरम होऊन आली की ओढून घ्यायची. यंत्र चालवायचं पेडल मागच्या बाजूला. पाय दाबून ठेवला की रोलर फिरतो, उचलला की थांबतो. ज्या बाईचे हात धोक्यात तिच्याच पायाशी पेडल का दिलं नाही, हे ते यंत्र बनवणाऱ्यालाच ठाऊक, आणि गेल्या तेवीस वर्षांत थोरलीने त्या अनोळखी गृहस्थाचा उद्धार केला नाही असा एकही आठवडा गेला नव्हता. वर मधे तो धूड रोलर आणि वाफ. मागचीला पुढचीचे हात दिसायचेच नाहीत.

पेडलवर थोरली, पुढे धाकटी. दोघी सख्ख्या जावा. घरी एकमेकींच्या फोडणीवरून, चपला कुठे काढल्या यावरून आणि कोणाचा नवरा जास्त घोरतो यावरून त्यांचं रोज वाजायचं, आणि सकाळी सातला दोघी एकाच डब्यात दोघींचं जेवण घेऊन कामावर हजर. खात्यातल्या बाकीच्या नऊ बाया निरनिराळ्या देशांतून आलेल्या. ‘थोरली’ आणि ‘धाकटी’ ही दोघींची खरी नावंच आहेत अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि ती दूर करायच्या भानगडीत कोणी पडलं नव्हतं.

महिन्यापूर्वी तपासनीस येऊन गेला होता. रोलरच्या तोंडाशी बोटं अडवणारी पट्टी असायला हवी, ती नव्हती. मालकाने पट्टी मागवली, पण यंत्र इतकं जुनं की पट्टी मुद्दाम घडवून घ्यावी लागणार, तीन महिने लागणार. तोवर रोलर चालवायचा तर यंत्र तत्काळ थांबवण्याची ठरलेली पद्धत कागदावर हवी, त्यात एक ठरलेला शब्द हवा, आणि तो सगळ्या बायांना येतो हे गुरुवारी प्रत्यक्ष दाखवायला हवं. नाहीतर रोलरला सील. मालकाने स्पष्टच सांगून टाकलं होतं की सील लागलं तर तो इस्त्रीचं काम बाहेर देणार आणि खातं बंद करणार. म्हणजे अकरा बाया घरी.

हे शब्दाचं काम मालकाने जावयाला दिलं. जावईबापू, सगळे त्याला हेच म्हणत, स्वभावाने वाईट नव्हता. पण त्याने सुरक्षिततेचा सहा आठवड्यांचा कोर्स केला होता आणि तो अजून त्याच्या अंगातून उतरला नव्हता.

सोमवारी सकाळी तो रोलरपाशी येऊन उभा राहिला. धाकटी चादर सारत होती आणि हातभर चादर आत गेली की म्हणत होती, “ने.” आणखी हातभर गेली की पुन्हा, “ने.” श्वास घ्यावा इतक्या सहज. मागे थोरलीचा पाय पेडलवर.

“ही काय म्हणते आहे सारखी?” जावईबापूने विचारलं.

“ने म्हणते आहे,” थोरली म्हणाली.

“म्हणजे काय?”

“म्हणजे ने. घेऊन जा. आत ने. तुम्हाला आपली भाषा येत नाही का?”

“तसं नाही. पण त्या दुसऱ्या रोलरवरच्या बाईसुद्धा तेच म्हणतायत. आणि त्या तर इकडच्या नाहीत.”

दुसरा रोलर छोटा, उशांच्या अभ्र्यांचा. तिथे ग्रीक बोलणारी उंच बाई उभी होती, आणि तीसुद्धा ‘ने’ म्हणत होती. जावईबापूने वही उघडली. इथून जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत संपलं नाही.

उंच बाईने सांगितलं की त्यांच्याकडे ‘ने’ म्हणजे होय. पहिल्या दिवशी तिला वाटलं होतं की या खात्यातल्या बाया फारच कबुलीच्या स्वभावाच्या आहेत. चष्मेवाली कोरियन होती, तिच्याकडेही होय. घड्या घालणाऱ्या दोन बहिणी सर्बियन, त्यांच्याकडे स्पष्ट नाही. टाके घालणारी म्हातारी तुर्की, तिच्याकडे ‘काय?’ असा प्रश्न. हिशेबाची बाई फिनलंडकडची, तिला मुद्दाम वरच्या मजल्यावरून बोलावून आणलं. तिने सांगितलं की त्यांच्याकडे ‘ने’ म्हणजे ‘त्या’, चार वस्तू दाखवून म्हणतो तसं. कोरड्या धुलाईचा कारागीर जपानी. तो म्हणाला की त्यांच्याकडे वाक्य संपलं की ‘ने’ लावतात, ‘हो की नाही?’ अशा अर्थाने. आणि मग विचार करून म्हणाला की उत्तराची फारशी वाट मात्र बघत नाहीत.

“म्हणजे बघा,” जावईबापूचा चेहरा पांढरा पडला होता, “यंत्र चालू आहे, पुढे हात आहेत, आणि तोंडात जो शब्द आहे त्याचा अर्थ एकीला होय, एकीला नाही आणि एकीला काय? हे भयंकर आहे.”

“तेवीस वर्षं चाललंय,” थोरली म्हणाली.

“नशीब तुमचं.”

थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. नशीब म्हणे. पण तिला नेमकं काय उत्तर द्यावं ते सुचेना, आणि उत्तर न सुचणं ही तिला न खपणारी तिसरी गोष्ट होती.

मंगळवारी सकाळी नवा शब्द निवडायला सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बसवलं. चादरींचे ढीग बाहेर वाढत होते आणि आत अकरा बाया शब्द शोधत होत्या. जावईबापूने फळ्यावर लिहिलं, ‘स्टॉप’. सगळ्यांना कळतो, सोपा आहे. थोरली म्हणाली की धुलाईवाले ट्रॉली मागे घेताना दिवसातून शंभर वेळा ‘स्टॉप’ ओरडतात आणि ते भिंतीवरून इकडे ऐकू येतं. शंभर वेळा रोलर थांबला तर चादरी आपण घरी नेऊन इस्त्री करायच्या का? स्टॉप पुसला गेला. धाकटी म्हणाली, ‘बस’. तुर्की म्हातारी मान हलवत उठली. तिच्याकडे ‘बस’ म्हणजे दाब. पेडल असलेल्या खोलीत हा शब्द आणायला तिची तयारी नव्हती. मग ‘ना’. सर्बियन बहिणी एकदम हसल्या, त्यांच्याकडे ‘ना’ म्हणत वस्तू पुढे करतात, ‘घे’ म्हणून. चष्मेवालीच्या भाषेत ‘ना’ म्हणजे मी. ‘टक’ सुचवला तर म्हातारी पुन्हा उठली, तिच्याकडे ‘टक’ म्हणजे अडकव. म्हातारीच्या भाषेत एकही बिनकामाचा आवाज शिल्लक नव्हता.

“माणसांना बोलायला एवढे कमी आवाज दिलेत का देवाने,” थोरली करवादली, “की सगळ्यांनी तेच तेच उचलावेत?”

शेवटी जावईबापूने स्वतःच एक शब्द बनवला. झुप. खोलीतल्या एकाही भाषेत त्याला काही अर्थ निघाला नाही. तो इतका खूश झाला की त्याने फळ्यावर त्याच्याभोवती चौकट काढली. पद्धत ठरली: धोका दिसला की पुढचीने ‘झुप’ ओरडायचं, मागचीने पाय उचलायचा. आणि घोटाळा नको म्हणून, यंत्र चालू असताना दुसरा कुठलाही शब्द उच्चारायचा नाही. विशेषतः ‘ने’ बंद.

“मग काय मुक्याने चादरी सारायच्या?” धाकटीने विचारलं.

“शांततेत लक्ष चांगलं लागतं,” जावईबापू म्हणाला. कोर्समध्ये असणार ते.

धाकटीने थोरलीकडे बघितलं. घरी कितीही वाजो, कामावर थोरलीचा शब्द शेवटचा असे. थोरलीच्या पायाला काहीतरी पटत नव्हतं. नेमकं सांगायचं तर डोक्याच्या आधी पायालाच पटत नव्हतं. पण पायाला वाटतंय असं कोर्स केलेल्या माणसाला कसं सांगणार? बाहेर ढीग वाढले होते, गुरुवार दोन दिवसांवर होता आणि अकरा जणींचं काम टांगणीला लागलं होतं. ती वैतागून म्हणाली, “करा एकदाचं. झुप तर झुप. तोंड बंद आणि काम चालू.”

दुपारी तालीम झाली. जावईबापू वही घेऊन दाराशी उभा. धाकटीने खोटं खोटं ‘झुप’ म्हटलं की थोरली पाय उचलायची. पाच वेळा म्हटलं, पाच वेळा थांबला. जावईबापू समाधानाने वर चहाला गेला, आणि मग खरं काम सुरू झालं.

थोरलीला आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत पेडलवर उभं राहून करमेना. धुलाईयंत्रांची धडधड, वाफेचा फुस्स आवाज, आणि त्यांच्यामध्ये जिथे धाकटीचा आवाज असायचा तिथे काहीच नाही. चादरी येत होत्या, ती ओढत होती, पाय दाबलेला. सातवी की आठवी चादर तिरकी आली. धाकटीच्या हातून चादर तिरकी येत नाही. थोरलीने तिची किनार हातात घेतली, सरळ करू पाहिली, आणि मग तिला चामडं भाजल्याचा वास आला. तिने पाय उचलला. रोलरला वळसा घालून ती पुढे आली तर धाकटी उभी होती, डोळे विस्फारलेले, तोंड उघडं आणि तोंडातून आवाज नाही. बाहीचं टोक चादरीबरोबर आत गेलं होतं आणि बाहीपाठोपाठ दोन बोटं.

बोटं राहिली, कातडी गेली. इस्पितळातल्या बाईने पट्टी बांधून दिली आणि सांगितलं की सव्वा महिना पाणी लावायचं नाही. परतताना रिक्षात दोघी शेजारी शेजारी बसल्या. थोरलीला काय बोलावं ते कळेना, म्हणून ती रागावली.

“ओरडलीस का नाहीस? पाच वेळा घोकून घेतलं होतं ना? एवढासा तो शब्द.”

धाकटीने पट्टीकडे बघितलं. ती शांतपणे बोलली, आणि तेच जास्त लागलं.

“जाऊबाई, हात अडकला की ओरडायला होत नाही. श्वासच आत अडकतो. बारा वर्षांपूर्वी माझा पदर गेला होता तेव्हा मी ओरडले होते का?”

“नव्हतीस.”

“तरी तुम्ही पाय उचललात.”

“उचलला.”

“का उचललात?”

रिक्षा सिग्नलला थांबली, हलली, पुन्हा थांबली. बारा वर्षांपूर्वी तिने पाय उचलला, कारण ‘ने’ आलं नव्हतं. त्याच्याही आधी, उंच बाईला त्या लहान रोलरवर चक्कर आली तेव्हा चष्मेवालीने पाय उचलला, कारण ‘ने’ आलं नव्हतं. तेवीस वर्षांपूर्वी थोरलीने स्वतःच पुढच्या बाईला सांगितलं होतं की मला तुझे हात दिसत नाहीत, तेव्हा तू बोलत राहा, तू बोलतेस तोवर मी दाबते. पुढे नव्या बाया आल्या, त्यांना कोणी समजावलं नाही, ऐकून ऐकून त्यांच्या पायांना ते कळलं. कोणी त्याचा अर्थ होय समजून बोललं, कोणी नाही समजून. कोणाचं काही अडलं नाही. ऐकायचं होतं ते तो शब्द चालू आहे का, एवढंच. आणि हे सगळं माहीत असलेल्या बाईने आज सकाळी एका वहीवाल्यापुढे तोंडाला कुलूप लावून घेतलं, आणि वर धाकटीच्याही तोंडाला लावलं.

“मीच म्हटलं, तोंड बंद आणि काम चालू,” थोरली म्हणाली.

“म्हटलंत,” धाकटी म्हणाली, आणि बाहेर बघत राहिली. तिने ‘जाऊ द्या’ म्हटलं नाही. थोरलीला ते हवं होतं आणि तिला ते मिळालं नाही.

बुधवारी मालकाने थोरलीला वर बोलावलं. तपासनिसापुढे अपघाताचा विषय काढायचा नाही असं त्याचं म्हणणं होतं. विचारलंच तर घरी दारात बोट चेमटलं म्हणून सांगावं. त्याचा सूर धमकीचा नव्हता. अकरा घरांचा प्रश्न आहे, तुम्हीच विचार करा, असा होता, आणि हा सूर थोरलीला धमकीपेक्षा वाईट वाटला, कारण तो खरा होता. जावईबापू कोपऱ्यात बसला होता. त्याने मान वर केली नाही.

गुरुवारी तपासनीस आला. थकलेला, बारीक अंगाचा माणूस, त्या दिवसातली ही त्याची चौथी तपासणी. कागदावर नजर टाकून म्हणाला, “शब्द, झुप. बरं. दाखवा.”

“तो शब्द चालत नाही,” थोरली म्हणाली. “मंगळवारी याच रोलरवर माझ्या जावेची दोन बोटं भाजली. हाच शब्द ठरवला होता. ती ओरडू शकली नाही.”

मालकाने डोळे मिटले. तपासनिसाने पेन खाली ठेवलं. “मग मला सील लावावं लागेल.”

“लावा. पण आधी दोन मिनिटं तुम्ही पुढे उभे राहा. आमचं काम आम्ही ज्या पद्धतीने करायचो ती बघा. चादर सारायची, आणि हातभर गेली की ‘ने’ म्हणायचं. बाकी काही नाही.”

“आणि थांबवायचं कसं?”

“ते नंतर सांगते.”

त्याने कंटाळून बाह्या वर सारल्या. उंच बाईने त्याला चादर कशी धरायची ते दाखवलं. थोरली मागे गेली, पेडलवर पाय ठेवला. रोलरपलीकडून एक अनोळखी, ओशाळलेला आवाज आला, “ने.” तिने पाय दाबला. “ने.” वाफ. “ने.” मग तपासनीस मालकाकडे वळला आणि विचारू लागला की ती पट्टी नक्की कधी येणार, पावती आहे का. रोलर थांबला.

“बंद का पडला?” तपासनीस म्हणाला.

“बंद नाही पडला,” मागून थोरली म्हणाली. “तुम्ही थांबवलात.”

तपासनीस वळसा घालून पेडल बघून आला. मग त्याने सर्बियन बहिणींपैकी एकीला मागे उभं केलं आणि पुन्हा केलं. मग चष्मेवालीला. मग तुर्की म्हातारीला, जी खरं म्हणजे टाके घालायची आणि रोलरवर वर्षातून दोनदा यायची. तीनदा तो मधेच गप्प झाला, एकदा काही विचारायला, एकदा नाक शिंकरायला, एकदा मुद्दामच, आणि तिन्ही वेळा त्याने ‘ने’ गिळायचा अवकाश की रोलर उभा.

“माझ्या फॉर्मवर याला रकाना नाही,” तो शेवटी म्हणाला. “शब्द कुठला ओरडायचा असं विचारलंय. कुठला थांबवायचा असं नाही.”

“तो तुमचा प्रश्न,” थोरली म्हणाली. ती जरा जास्तच बोलली, पण तिच्यात आता मऊ बोलायची ताकद उरली नव्हती.

त्याने समासात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं, अपघाताची वेगळी नोंद केली, मालकाला दंडाचा कागद दिला आणि पट्टी येईपर्यंत रोलर चालवायला परवानगी दिली. तो गेल्यावर जावईबापूने वहीतलं ‘झुप’चं पान फाडलं. थोरलीला वाटलं तो काही बोलेल. तो नुसता उभा राहिला, आणि त्याबद्दल तिने त्याला मनातल्या मनात थोडं माफ केलं. फार नाही.

खातं वाचलं. धाकटीच्या जागी उंच बाई पुढे उभी राहू लागली. तिचं ‘ने’ उंच आणि लांब होतं, आणि थोरलीचा पाय मधेमधे उगीच उचलला जायचा. दिवसाला चाळीस चादरी कमी होऊ लागल्या. घरी थोरली धाकटीच्या वाटणीची भांडी घासायची आणि भांडी किती नीट घासली जात नाहीत याबद्दल धाकटीची बोलणी खायची. मंगळवारच्या त्या गोष्टीबद्दल दोघी बोलल्या नाहीत.

सव्वा महिन्याने धाकटी कामावर आली. बोटांवरची नवी कातडी गुलाबी आणि चकचकीत. ती सरळ रोलरपाशी गेली, पण पुढच्या बाजूला थांबली नाही. वळसा घालून मागे गेली आणि पेडलपाशी उभी राहिली.

“ती माझी जागा,” थोरली म्हणाली.

“होती. मला आता गरम सोसत नाही. तुम्ही पुढे या.”

बाकीच्या नऊ बाया ऐकत होत्या. थोरलीने तेवीस वर्षांत रोलरच्या तोंडाशी हात घातला नव्हता. ती पुढे गेली. ओलसर चादरीची किनार धरली, तर समोर तापलेलं लोखंड आणि त्यापलीकडे काहीच दिसत नव्हतं, ना धाकटी, ना तिचा पाय. इतकी वर्षं धाकटी इथे उभी होती आणि समोर कोण आहे ते तिला दिसत नव्हतं.

“ने,” थोरली म्हणाली. किनार आत गेली. “ने.” आणखी हातभर. मग तिने तोंड मिटलं.

रोलर जागच्या जागी थांबला.

“काय झालं?” पलीकडून धाकटीने विचारलं.

“काही नाही. बघत होते.”

“माझा भरवसा नव्हता वाटतं.”

थोरलीने उत्तर दिलं नाही. ती हातातली किनार सारखी करत राहिली. पलीकडे धाकटीचा पाय वरच होता. धुलाईयंत्रं धडधडत राहिली. कोणी घाई केली नाही.

“जाऊबाई,” धाकटी बऱ्याच वेळाने म्हणाली, “तुम्ही बोलेपर्यंत मी दाबत नाही. सावकाश बोला.”